हिस्टरी? त्यात काय स्कोप?

"आज पण जिम?"
"नाही रे, क्लास आहे."
"कसला? एमबीए?"
"हिस्टरी."

दर मंगळवारी ऑफिसमधून निघताना हा संवाद ठरलेला. 'हिस्टरी' म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू मी नोकरी सोडून हिमालयात निघालेय! फोनवर आईची प्रतिक्रिया तर त्याहून भारी. "अगं, लोकं तिकडे जाऊन पुढचं शिकतात. तू मागचं काय शिकतेस?"

तिचंही चूक नव्हतं म्हणा. मी मूळची कल्याणची. टिपिकल 'सायन्स साइड'वाली. दहावीनंतर इतिहासाचं पुस्तक रद्दीत गेलं ते गेलंच. इंजिनीअरिंग, कॅम्पस, पुण्यात चार वर्षं आयटी आणि मग कंपनीने न्यूयॉर्कला पाठवलं. काम, डेडलाइन, वीकेंडला लाँड्री. एका हिवाळ्यात जाम कंटाळा आला आणि शहरातल्या एका सरकारी कॉलेजचं संध्याकाळच्या वर्गांचं माहितीपत्रक हातात पडलं. 'वेस्टर्न सिव्हिलायझेशन, भाग एक आणि दोन.' दोन सेमिस्टर. मेसोपोटेमियापासून बर्लिनची भिंत पडेपर्यंत. म्हटलं, पाच हजार वर्षं एका वर्षात? पॅकेज डील मस्त आहे!

सी मायनस

पहिला निबंध होता अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धावर. म्हणजे इसवी सनपूर्व ४३१ ते ४०४. आपण काय, 'कारणे द्या'मध्ये एक्सपर्ट! सात मुद्दे काढले, प्रत्येकाला मथळा, मथळ्याखाली रेघ. शेवटी 'अशा प्रकारे'ने सुरू होणारा समारोप. पैकीच्या पैकी मिळायला हवेत असा निबंध.

मिळाला सी मायनस.

खाली आमच्या सरांनी पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती. सगळं बरोबर आहे, पण हे तुला कोणी सांगितलं?

मी तणतणत त्यांच्याकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "तुझे सातच्या सात मुद्दे थ्युसिडिडीस नावाच्या एका माणसाकडून आलेत. तो कोण होता, बघ."

बघितलं. थ्युसिडिडीस हा अथेन्सचाच सेनापती. इसवी सनपूर्व ४२४ मध्ये अँफिपोलिस नावाचं शहर वाचवायला तो वेळेत पोचला नाही, शहर स्पार्टाच्या हातात गेलं आणि अथेन्सने त्याला वीस वर्षं हद्दपार केलं. त्याने इतिहास लिहिला तो या काळात. म्हणजे ज्याला नोकरीवरून काढलं, त्यानेच कंपनीचा इतिहास लिहिलाय! शिवाय पुस्तकातली भाषणं शब्दशः नाहीत, त्या प्रसंगी काय बोलणं योग्य ठरलं असतं तेही त्यांत आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. तरीही तो खोटारडा ठरत नाही. उलट इतका प्रामाणिकपणे स्वतःची पद्धत सांगणारा माणूस त्या काळात विरळाच. पण त्याला वाचायचं ते हे सगळं लक्षात ठेवून.

त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहून ठेवले. हे कोणी लिहिलं? कधी? कोणासाठी? आणि काय लिहिलं नाही? वर्षभराच्या कोर्सचा मसाला या चार ओळींत आला. सनावळ्या पाठ कराव्या लागल्या, नाही असं नाही. पण मार्क या चार प्रश्नांना होते.

पश्चिम नेमकी कुठेशी?

रोमचा व्यापार शिकवताना सरांनी 'पेरिप्लस' नावाच्या पुस्तिकेतली दोन पानं वाटली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं हे ग्रीक भाषेतलं व्यापारी गाइड. कुठल्या बंदरात काय विकतं, कुठे वारा कधी फिरतो वगैरे. लेखकाचं नावसुद्धा माहीत नाही. वाचता वाचता मी जागीच थबकले. कॅलिएना! म्हणजे आपलं कल्याण! पुढे लिहिलं होतं, की एके काळी हे बंदर व्यापाराला खुलं होतं, पण आता अडवणूक चालते. ग्रीक जहाज चुकून तिथे आलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेतात.

दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याणला पोचणं अवघड होतं तर! मी हात वर करून सांगितलं, की हे माझं गाव. आख्खा वर्ग वळून बघायला लागला. त्याच पानांवर पैठण होतं, तगर होतं, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. मग मी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या पोसायडनच्या ब्राँझ मूर्तीबद्दलही सांगून टाकलं. ग्रीकांचा समुद्रदेव, थेट पंचगंगेच्या काठी! शाळेच्या सहलीत टाउन हॉल म्युझियममध्ये ती बघितली होती, तेव्हा अर्थात सगळं लक्ष बाहेरच्या भेळेकडे होतं.

मग हळूहळू लक्षात आलं, की 'पश्चिम' नावाचा डबा काही हवाबंद नाही. अॅरिस्टॉटल युरोपने नव्याने वाचला तो कॉर्डोबाच्या इब्न रुश्दच्या (११२६-११९८) भाष्यांच्या आधाराने. आणि पिसाच्या फिबोनाचीने १२०२ साली युरोपला आकडेमोड समजावली ती भारतीय अंकांनी.

गंमत म्हणजे या कोर्सचाही इतिहास आहे. त्याची एक महत्त्वाची सुरुवात इथेच, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाली. पहिल्या महायुद्धात विद्यार्थ्यांना 'आपण का लढतोय' हे सांगणारा एक कोर्स निघाला. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, त्यातूनच 'कंटेंपररी सिव्हिलायझेशन' उभा राहिला. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेजांनी असे कोर्स सुरू केले. मग प्रश्न विचारणारेही आले. यात बायका कुठे आहेत? आफ्रिका, आशिया? स्टॅनफर्डमध्ये यावर इतका वाद पेटला, की १९८८ साली जुना 'वेस्टर्न कल्चर' कोर्सच बदलला.

म्हणजे आमच्या कोर्सलाही तेच चार प्रश्न लागू!

एका शब्दाने पकडलं

नोव्हेंबरात आम्ही लोरेंझो व्हाला या माणसापाशी आलो. माझा आवडता हीरो. किस्सा असा. चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन बादशहाने रोम आणि पश्चिमेकडचं साम्राज्य पोपच्या हवाली केलं, असा एक दस्तऐवज होता. त्यावर पोपची सत्ता शतकानुशतकं हक्क सांगत होती. १४४० मध्ये व्हालाने तो बनावट असल्याचं दाखवून दिलं. कसं? भाषेवरून. दस्तऐवजात रोमन अधिकाऱ्यांच्या यादीत 'सत्रप' येतात. कॉन्स्टंटाइनच्या दरबारात सत्रप आले कुठून? असे कितीतरी शब्द. दस्तऐवज चौथ्या शतकातला नव्हताच. तो आठव्या शतकाच्या आसपासचा असल्याचं आज मानतात.

वर्गातल्या एकाने शंका काढली. व्हाला तेव्हा अरागॉनच्या राजाच्या पदरी होता आणि त्या राजाचं पोपशी भांडण चालू होतं. मग त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? सर म्हणाले, "हेतू तपासाच. पण नंतर पुरावाही तपासा. हेतू वाकडा असला, तरी शब्द तिथे आहे की नाही?"

हे सगळं ऐकून मी खुशीत घरी आले. त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये बाँब फुटला.

शुक्रवारी रात्रीचं एक रिलीज आपटलं आणि क्लायंटची सिस्टिम शनिवारी दुपारपर्यंत बंद राहिली. पुढच्या गुरुवारी आरसीएचा ड्राफ्ट माझ्याकडे आला, सही करायला. मूळ कारण काय, तर 'पुण्याच्या टीमने चेकलिस्टमधली नववी पायरी केली नाही'. त्या रात्री ड्यूटीवर होता एक नवा मुलगा. जेमतेम दीड वर्षाचा अनुभव. त्याचं ऑनसाइटचं चाललं होतं, ते आता बोंबललं असतं.

सही करायला माउस नेला आणि हात थांबला. नववी पायरी? कधी लिहिली आपण ती?

जुन्या मेल उघडल्या. शुक्रवारी रात्री जी चेकलिस्ट पुण्याला गेली, तिच्यात पायऱ्या होत्या आठ. रिलीज मागे घेता येतंय का ते आधी तपासा, ही नववी पायरी घातली गेली सोमवारी. म्हणजे घोटाळा झाल्यावर! जी पायरी अस्तित्वातच नव्हती, ती त्या पोराने केली नाही म्हणून त्याच्यावर ठपका. साक्षात सत्रपच की!

एक सेकंद मला व्हालासारखं वाटलं. पुढच्या सेकंदाला आठ पायऱ्यांच्या चेकलिस्टखालची मंजुरी दिसली. नाव माझंच होतं. घाईत, न वाचता दिलेलं 'अप्रूव्ह्ड'.

खोटं सांगत नाही, त्या रात्री मला झोप आली नाही. ड्राफ्टवर नुसती सही केली असती, तर कोणालाही कळलं नसतं. कोणी मुद्दाम लबाडी केली होती असंही नाही. लिहिणाऱ्याने समोर असलेली ताजी चेकलिस्ट घेतली आणि तिच्यावरून मागच्या शुक्रवारचा निवाडा केला. इतिहासात अशी चूक किती सहज होते ते मी दर मंगळवारी शिकत होते. पण हे मी 'न लिहिलेलं' राहू दिलं असतं, तर वहीच्या पहिल्या पानाचं काय करायचं होतं?

सकाळी दोन्ही चेकलिस्ट, तारखा आणि माझी मंजुरी जोडून मॅनेजरला मेल टाकली. आरसीए बदलला. मूळ कारणात 'मंजुरी देताना तपासणी अपुरी' असं आलं, म्हणजे मीच. त्या वर्षीचं माझं रेटिंग एक पायरी खाली आलं आणि ठरलेलं प्रमोशन पुढे गेलं. वाईट वाटलं का? हो, भरपूर. पुण्याच्या मुलाला यातलं फारसं माहीत नसावं. त्याने फक्त 'थँक्स मॅम, नवीन आरसीए बघितला' एवढाच मेसेज पाठवला. तो आता ऑनसाइट आहे.

हक्क कोणाचे?

दुसरं सेमिस्टर आधुनिक काळाचं. १७८९, फ्रेंच राज्यक्रांती, माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा. शाळेत इथेच टाळ्या वाजवून आपण पुढच्या धड्याकडे वळायचो. इथे विचारलं गेलं, की माणूस म्हणजे कोण? ऑलिम्प द गूजने १७९१ मध्ये बाईच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिला गिलोटीनवर चढवलं. त्याच १७९१ मध्ये फ्रान्सच्या कॅरिबियन वसाहतीतले गुलाम उठले आणि १८०४ मध्ये त्यांनी हैती हा स्वतंत्र देश उभा केला. पण मान्यता देण्यासाठी फ्रान्सने १८२५ मध्ये त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. स्वातंत्र्य आधीच जिंकलेल्यांनी, स्वतःला गुलाम करणाऱ्यांना पैसे द्यायचे!

माझा शेवटचा निबंध होता ही पुस्तकं आणि विचार दूरवर कोणी कसे वाचले यावर. मी जोतीराव फुल्यांवर लिहिला. थॉमस पेन वाचणारे, आणि १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करणारे जोतीराव. सरांना हे नाव नवं होतं. त्यांनी स्पेलिंग विचारून घेतलं.

निबंधाच्या निमित्ताने कोलंबियात शिकणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर तिथल्या लायब्रऱ्या बघितल्या. बटलर लायब्ररीच्या दर्शनी भागावर दगडात नावं कोरलीयत. होमर, हिरोडोटस, सोफोक्लीस, प्लेटो, अॅरिस्टॉटल, डेमॉस्थेनिस, सिसेरो, व्हर्जिल. आठही पुरुष. १९८९ मध्ये विद्यार्थिनींनी त्यांच्या वर सॅफोपासून पुढच्या लेखिकांच्या नावांचा भलामोठा बॅनर लावला होता. लेहमन लायब्ररीत मात्र आपल्या ओळखीचा चेहरा भेटला, बाबासाहेबांचा अर्धपुतळा. ते १९१३ मध्ये इथे आले ते बावीस वर्षांचे असताना. अर्थशास्त्राचे २९ कोर्स केले हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. इतिहासाचे ११ केले, हे मला तिथेच कळलं.

अकरा! आणि आम्हाला दोन करताना घाम फुटला.

फायनल ग्रेड? बी प्लस. आईला फोन केला. तिने विचारलं, "मग आता याचा उपयोग काय?" मी तिला आरसीएचा सगळा किस्सा पहिल्यांदाच सांगितला. प्रमोशनसकट. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढचं पण काहीतरी शीक गं. पण हे बरं केलंस."

तुम्हालाही शिकायचंय?

- त्यासाठी न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. येल विद्यापीठाची लेक्चर्स मोफत ऐकता येतात. प्राचीन ग्रीससाठी डोनाल्ड केगन, मध्ययुगाच्या सुरुवातीसाठी पॉल फ्रीडमन, १६४८ ते १९४५ च्या युरोपसाठी जॉन मेरिमन. लोकलमध्ये हेडफोन लावा आणि सुरू करा.
- रीतसर पदवी हवी असेल, तर इग्नूचं एमए इतिहास कोणत्याही शाखेच्या पदवीधराला नोकरी सांभाळून करता येतं. इंजिनीअर मंडळी, बिनधास्त!
- एकदम जाडजूड पुस्तक घेऊ नका. एक मूळ दस्तऐवज घ्या, दोन पानांचा. चार प्रश्न विचारा.
- आणि हो, पुढच्या वेळी ऑफिसात काही 'अप्रूव्ह' करण्याआधी ते वाचा. प्लीज.