सामुदायिक शैक्षणिक बाग

सामुदायिक शैक्षणिक बाग म्हणजे परिसरातील लोकांनी एकत्र येऊन, प्रामुख्याने शिकण्या-शिकवण्यासाठी जोपासलेली भाजीपाल्याची व फळझाडांची बाग होय. शाळेचे आवार, इमारतीची गच्ची किंवा पडीक जागा यांवर ती उभी राहते. कामाचा मुख्य भार स्वयंसेवकांवर असतो आणि निघालेला भाजीपाला बहुधा राबणाऱ्यांतच वाटला जातो. त्यामुळे अशा बागेचे यश केवळ उत्पन्नावर मोजता येत नाही.

मुंबईतील प्रयोग

मुंबईतील अशा बागांना कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या विचारांचा आधार आहे. ‘विपुलाच सृष्टी’ या ग्रंथाचे लेखक असलेल्या दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभारून शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करण्यास व त्यांचे निष्कर्ष एकमेकांना सांगण्यास प्रवृत्त केले. २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा प्रश्न सोडवताना तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी गच्चीवर शेती सुरू केली. पुढे त्यांच्या ‘अर्बन लीव्ज’ या उपक्रमातून स्वयंसेवकांच्या बागा आकारास आल्या.

अमृतमाती

या बागांत पहिला धडा पेरणीचा नसून माती घडविण्याचा असतो. शेण, गोमूत्र, थोडा गूळ व पाणी यांचे मिश्रण तीन दिवस आंबवून, रोज ढवळून ‘अमृतजल’ तयार करतात. ते दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळलेला पालापाचोळा किंवा रसवंतिगृहातील उसाची चिपाडे चोवीस तास भिजवतात. नंतर या पाल्याचे व मातीचे थर रचून ढीग करतात. महिनाभराने त्यावर मिश्र बियाणे पेरतात; २१ व ४२ दिवसांनी रोपांचे शेंडे खुडून ढिगावरच पसरतात आणि ६३ दिवसांनी रोपे कापून त्यातच मिसळतात. या साऱ्याला साधारण साडेचार ते पाच महिने लागतात.

स्वयंसेवेचे स्वरूप

खरी कसोटी याच काळात लागते. तोडणीच्या दिवशी गर्दी जमविणे सोपे असते. परंतु ढीग ओला ठेवणे किंवा मे महिन्यात पाणी घालणे यासाठी नेमाने येणारी माणसे थोडीच असतात (शाळांच्या बागा तर नेमक्या याच सुट्टीत सुकतात). म्हणून दिवस वाटून पाळ्या लावणे हा व्यवस्थेचा गाभा ठरतो. जागा संस्थेच्या मालकीची असल्याने गच्चीची गळती, भार व पाण्याचा निचरा यांची खात्री आधीच करून घ्यावी लागते. मातीऐवजी बराचसा पालापाचोळाच वापरल्यास वाफे हलके राहतात, हा या पद्धतीचा गच्चीवरील आणखी एक फायदा आहे.