भाड्याची गाडी हाताळताना

आमची गाडी गॅरेजमध्ये होती आणि सोलापूरचं लग्न तोंडावर आलं, म्हणून ऑटोमॅटिक गाडी भाड्याने घेतली. काचीगुड्याच्या गल्लीतून निघताच सवयीने डावा पाय क्लच शोधू लागला आणि जोरात ब्रेकवर पडला. मागे बसलेल्या आजींनी पट्टा लावला होता, म्हणून निभावलं.

तेव्हापासून ऑटोमॅटिक चालवताना आम्ही डावा पाय मागेच ठेवतो. गाडी मिळाली की आधी सीट आणि आरसे जुळवतो, मग रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं ब्रेक आणि रिव्हर्स करून पाहतो. जुन्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोरच काढतो.

स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नये. अपघात झाल्यास विमा नाकारला जाऊ शकतो. सोलापूरच्या वाटेवर झहीराबादनंतर कर्नाटक, मग उमरग्याकडे महाराष्ट्र लागतो. परराज्याचा परवाना आहे ना, हे आधीच विचारावं.

आपली गाडी परत आली, की पहिला दिवस पुन्हा जपून चालवावी. तोवर डावा पाय क्लच विसरलेला असतो!