सूचीची डागडुजी आणि नोंदींची मोजदाद

एखाद्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयातील सूचिपत्रांचे कपाट डोळ्यांसमोर आणावे. वर्षभरात नवी पत्रे कोठेतरी खोवली जातात, जीर्ण ग्रंथांची काढली जातात, कित्येक खण अर्धे रिकामे पडतात. सुट्टीच्या दिवशी ग्रंथपाल हे सारे पुन्हा क्रमाने लावतो. दुसऱ्या दिवशी कोणी इतिहासाची सर्व पुस्तके मागितली, तर त्याने काय करावे? पुस्तके दहाच असतील, तर एकेक पत्र पाहून फळीकडे जाणे सोयीचे. चार हजार असतील, तर पत्रांच्या नादी न लागता हातगाडी घेऊन फळ्यांच्या रांगेतून सरळ फिरणेच बरे. हा निर्णय पत्रे किती नीट लावली आहेत यावर ठरत नाही. कोणत्या विषयाची पुस्तके सुमारे किती आहेत, हे ठाऊक असावे लागते. आणि पत्रे लावल्याने ही माहिती आपोआप ताजी होत नाही.

संगणकातील माहितीसंग्रहाची, म्हणजे डेटाबेसची, स्थिती अशीच असते. त्यातील इंडेक्स म्हणजे ही सूचिपत्रे. आलेला प्रश्न कोणत्या मार्गाने सोडवावा हे ठरविणाऱ्या भागाला आपण नियोजक म्हणू. मार्ग ठरविताना नियोजक सर्व नोंदी चाळीत नाही. आधी काढून ठेवलेल्या आकड्यांवर विसंबतो. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली ‘सिस्टिम आर’विषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ही रीत मांडलेली आहे. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर आकडे बदलीत बसल्यास कामाचा खोळंबा होईल, म्हणून ते अधूनमधून वेगळी आज्ञा देऊन ताजे करावेत, अशी ती व्यवस्था होती. तडजोड योग्यच होती; पण आकडे शिळे होण्याचे मूळही तीतच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंडेक्स नीट करण्याचे दोन मार्ग आहेत. पुनर्बांधणीत तो नव्याने उभारला जातो. एरवीच्या, न विभागलेल्या इंडेक्सची प्रत्येक नोंद या वेळी वाचली जात असल्याने त्याचे आकडेही पूर्ण मोजदादीने तयार होतात. पुनर्रचनेत मात्र तळाच्या थरातील पाने जागच्या जागी क्रमाने लावली जातात आणि आकड्यांना हातही लागत नाही. दर रात्री केवळ पुनर्रचना करणाऱ्याचा इंडेक्स स्वच्छ दिसतो, आणि नियोजक जुन्याच आकड्यांवर चालतो.

याच्या उलट चूकही पुष्कळदा घडते. पुनर्बांधणी आटोपल्यावर कोणी सरसकट सर्व आकडे ताजे करण्याची आज्ञा देतो. मोठ्या कोष्टकावर ही आज्ञा, वेगळे सांगितले नाही तर, काही नोंदींचा नमुनाच घेते. म्हणजे नुकतीच झालेली पूर्ण मोजदाद पुसून तिच्या जागी अंदाज बसतो. नमुना पाहणीचे सामर्थ्य प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी आपल्या देशाला दाखवून दिलेच आहे. परंतु खानेसुमारी हाती असताना ती टाकून नमुना घेणे हा निव्वळ अपव्यय होय. ज्या स्तंभांवर इंडेक्स नाही, त्यांचे आकडे मात्र पुनर्बांधणीने बदलत नाहीत. तेवढेच वेगळे ताजे करावेत.

आकडे आपोआप ताजे होण्याची सोयही आहे, पण ती उशिरा जागी होते. जुन्या नियमाप्रमाणे मोठ्या कोष्टकात ५०० अधिक एकपंचमांश इतके बदल व्हावे लागत. एक कोटी नोंदींसाठी २०,००,५००. २०१६ च्या आवृत्तीपासून नोंदसंख्येच्या हजारपटीचे वर्गमूळ घेण्याचा नियम आला, आणि तीच मर्यादा १,००,००० वर उतरली. तरीही मधल्या काळात काय होते पाहा. नोंदी तारखेप्रमाणे वाढत असतील, तर जुन्या आकड्यांत कालची तारीखच नसते. कालच्या नोंदी जवळजवळ नाहीतच असे समजून नियोजक एकेक नोंद शोधण्याचा मार्ग धरू शकतो. त्या हजारो निघाल्या, की थोड्या वेळाचे काम पहाटेपर्यंत रेंगाळते, आणि दोष इंडेक्सवर येतो!

पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही इंडेक्स पुन्हा बांधल्याने स्तंभांतील मूल्यांच्या वितरणाचे आकडे बदलत नाहीत. त्यासाठी निराळी आज्ञा आहे. आकडे वारंवार ताजे करणेही फुकट नसते, कारण ते बदलले की नियोजकाला आखलेले मार्ग पुन्हा आखावे लागतात. म्हणून डागडुजीच्या रात्री प्रथम तारीख पाहावी. प्रत्येक आकडेवारी शेवटची केव्हा काढली, आणि त्यानंतर किती नोंदी बदलल्या, हे एसक्यूएल सर्व्हरला विचारता येते.