टिळकांच्या भाषणातलं राहून गेलेलं पान

ओझरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

१ ऑगस्ट जवळ आला की शाळेतल्या पोरी भाषण लिहून मागायला येतात. गटातल्या एका ताईंची लेक सातवीला आहे. आम्ही हप्ते गोळा करत बसलो होतो, तर ती वही घेऊन आली. वहीत शेंगांची टरफलं होती, ‘केसरी’ होता, मंडालेचा तुरुंग होता. तिने विचारलं, “मावशी, टिळक बायकांबद्दल काय म्हणायचे?” आमच्यापैकी एकीलाही नीट सांगता येईना. मग पुस्तकं आणली आणि एकमेकींना वाचून दाखवली.

रखमाबाई नावाची मुलगी होती, मुंबईची. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. ती माहेरीच राहिली, शिकली. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला की बायको नांदायला पाठवा. आधी निकाल तिच्या बाजूने लागला. मग १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. टिळकांनी त्यांच्या विरोधात लिहिलं. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला २,००० रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले.

पुढे १८९० मध्ये बंगालात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. तेव्हा सरकारने संमतिवयाचा कायदा आणला. त्याने लग्नाचं वय बदललं नाही. शरीरसंबंधाचं वय तेवढं दहावरून बारा केलं. बारा! आपल्या सहावीतल्या पोरी डोळ्यांपुढे आणा. टिळकांनी यालाही कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात, आमच्या घरात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. बालविवाह चांगला, असं ते म्हणत नव्हते. मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, हे सुधारकांनी आधी स्वतःवर बंधन म्हणून घ्यावं, असं त्यांनीच सुचवलं होतं. १८९१ मध्ये कायदा झालाच.

“त्या काळी सगळेच तसे होते,” असं आमच्यातली एक म्हणाली. पण तसं नाही. टिळकांच्या बरोबरीने शाळा काढणारे आगरकर कायद्याच्या बाजूने होते. जोतिराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा तर १८४८ची.

जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या अमेरिकेत कॅल्हून नावाचे मोठे पुढारी होते, दोनदा उपराष्ट्राध्यक्ष झालेले. १८३७ मध्ये त्यांनी भर सभागृहात सांगितलं की गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे. आमच्या राज्याच्या कारभारात बाहेरच्यांनी पडू नये, असाही त्यांचा हेका. चार्ल्स्टन गावातला त्यांचा पुतळा २०२० मध्ये उतरवला.

टिळक म्हणजे कॅल्हून नव्हेत. टिळक गुलाम देशासाठी सहा वर्षं तुरुंगात राहिले, कॅल्हून स्वतःच गुलामांचे मालक होते. पण “घरातलं घरात राहू द्या” हे दोघांकडेही ऐकू येतं. आणि घरात ज्याच्यावर बेततं, त्याला कोणी विचारत नाही.

हे वाचताना आमच्यातल्या एक आजी गप्प झाल्या होत्या. मग म्हणाल्या, “माझं चौदाव्या वर्षी झालं. भावकीतले हेच म्हणाले होते, बाहेरच्यांनी बोलायचं काम नाही.” आज कायद्याने मुलीचं वय अठरा आहे. खेड्यात ग्रामसेवक हेच बालविवाह रोखणारे अधिकारी असतात. १०९८ वर फोनही करता येतो. तरी द्राक्षाच्या हंगामात एखादी पोरगी शाळेतून दिसेनाशी होतेच, आणि विचारलं की तेच उत्तर मिळतं.

लेकीच्या भाषणावरून मात्र आमच्यात वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, पुण्यतिथीला कशाला हे? तिची आई म्हणाली, मंडालेचं ठेवायचं, तसं हेही ठेवायचं. भाषण चार मिनिटांचं बसवायचं होतं. पोरीने शेंगांची गोष्ट काढली आणि तिथे रखमाबाई घातली.