अमेरिकेतील नामवंत महाविद्यालयांतील प्रवेश आणि 'चांगले, परंतु सर्वोच्च नसलेले' चाचणीगुण : एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील विद्यार्थी व पालक यांच्या मनात 'प्रवेश' म्हणजे गुणवत्ता यादी, हे समीकरण दृढ झालेले आहे. अभियांत्रिकी वा वैद्यकीय शाखेच्या केंद्रीभूत प्रक्रियेत अल्पशा फरकानेही महाविद्यालय बदलते. याच दृष्टीने अमेरिकेतील महाविद्यालयांकडे पाहिल्यास 'सॅट' परीक्षेत १६०० पैकी १४५० गुण मिळविणारा विद्यार्थी एक तर अर्जच करीत नाही किंवा आपले गुण कळविण्याचे टाळतो. हे दोन्ही निर्णय कितपत योग्य आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुणांच्या पट्ट्याचा अर्थ :
बहुतेक महाविद्यालये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी मधल्या ५० टक्के विद्यार्थ्यांच्या गुणांचा पट्टा जाहीर करतात. समजा, तो १४६० ते १५५० असा आहे. याचा अर्थ १४६० ही किमान अट नव्हे; गुण कळविलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी त्याखालीच असतात. तथापि, या गटात खेळाडू म्हणून निवडलेले विद्यार्थीही असतात, हे विसरता येत नाही. तसेच जेथे गुण कळविणे ऐच्छिक असते, तेथे कमी गुणांचे विद्यार्थी ते कळवीत नाहीत. परिणामी पट्टा प्रत्यक्षापेक्षा वर सरकलेला दिसतो.

समग्र मूल्यमापन :
या महाविद्यालयांत शालेय गुणपत्रक, निवडलेल्या विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे व अन्य कार्य यांचा एकत्रित विचार होतो. गुणही विद्यार्थ्याची शाळा व परिस्थिती यांच्या संदर्भात वाचले जातात. डार्टमथ महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या २०२४ मधील अभ्यासातून असे दिसून आले की, वंचित पार्श्वभूमीच्या काही विद्यार्थ्यांनी १४०० च्या घरातील गुण कळविलेच नव्हते. वस्तुतः ते कळविले असते तर त्यांना लाभ झाला असता. ज्यांना या गुणांचा सर्वाधिक उपयोग होता, त्यांनीच ते दडवावेत, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

बदलती धोरणे :
बोडन महाविद्यालयाने १९६९ पासूनच चाचणीगुण ऐच्छिक ठेवले. २०२० मधील महासाथीनंतर असंख्य संस्थांनी हा मार्ग स्वीकारला. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन व हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये चाचणीची अट पुन्हा लागू करण्याचे जाहीर केले. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाचा निर्णय घेताना हे गुण विचारातच घेत नाही. म्हणून प्रत्येक संस्थेचे त्या वर्षाचे धोरण स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक ठरते.

आर्थिक बाजू :
भारतीय विद्यार्थ्यासाठी गुणांपेक्षा मोठा अडसर बहुधा खर्चाचा असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज प्रवेशाचा निर्णय घेताना विचारात घेत नाहीत. अन्य बहुसंख्य संस्था ती घेतात. तसेच 'अर्ली डिसिजन' पद्धतीने केलेला अर्ज बंधनकारक असल्याने विविध संस्थांच्या अर्थसाहाय्याची तुलना करण्याची संधी राहत नाही.

निष्कर्ष :
१. जाहीर झालेला गुणांचा पट्टा ही पात्रतेची सीमा नसून केवळ दिशादर्शक आकडेवारी आहे.
२. गुण ऐच्छिक असतील, तेथे ते पट्ट्यात वा आपल्या शाळेच्या तुलनेत ठळक असल्यास कळविणे सामान्यतः हिताचे असते.
३. अत्यंत चुरशीच्या संस्थांत पूर्ण गुण मिळविणारेही मोठ्या संख्येने नाकारले जातात. म्हणून महत्त्वाकांक्षी, आपल्या आवाक्यातील व जवळजवळ निश्चित अशा तिन्ही प्रकारच्या संस्थांचा अर्जांच्या यादीत समावेश असावा.
४. यादी करण्यापूर्वीच कुटुंबाने खर्चाची मर्यादा ठरवावी.

सारांश, चांगल्या गुणांच्या विद्यार्थ्याने स्वतःला आधीच अपात्र ठरवू नये. तो निर्णय संस्थेला घेऊ द्यावा. मात्र अर्ज करताना आशेइतकीच माहितीची जोड असावी.