बिदागी, वर्षाशन आणि अनुदान

कलावंतास द्यावयाच्या साहाय्यासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांत ते केव्हा द्यावयाचे हेही सूचित असते. बिदागी ही निरोपाच्या वेळची. आधी गाणे, मग द्रव्य. वर्षाशन (‘वर्षासन’ हे रूप रूढ असले तरी आसनाशी त्याचा संबंध नाही) म्हणजे वर्षभराचे अन्न; येथे एखाद्या कृतीचे मोल नसून निर्वाहाची हमी आहे. पेशवेकालीन दक्षिणेच्या निधीचा काही भाग १८५१ पासून मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला, तोही ग्रंथ सिद्ध झाल्यावर मिळे. १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या प्रथम प्रकाशनास अनुदान देते. त्यासाठी हस्तलिखित हाती असावे लागते. म्हणजे छपाईचा भार हलका होतो, लेखनाच्या काळातील चूल मात्र लेखकानेच पेटती ठेवावयाची. ‘अनु’ हा उपसर्ग येथे फारच यथार्थ ठरतो! केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या अधिछात्रवृत्तीचे स्वरूप निराळे आहे. २५ ते ४० वयाच्या कलावंतास वा अभ्यासकास दरमहा १०,००० रुपये, त्यापुढील वयाच्यांस २०,००० रुपये, असे ते साहाय्य दोन वर्षे, काम चालू असतानाच मिळते. तिचे नामकरण करताना ‘वर्षाशन’ हा शब्द कोणास आठवलेला दिसत नाही.