तापणारी माती आणि विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या

हवामान उष्ण होत गेले तर अरण्यांचे काय होईल, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेत बसून सुटणारा नाही. त्याचे उत्तर अरण्यातच शोधावे लागते, आणि अरण्य उत्तर देते ते फार सावकाश. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, पीटरशॅम या गावाजवळ, हार्वर्ड विद्यापीठाचे १९०७ साली स्थापन झालेले एक संशोधन-वन आहे. एके काळी शेते आणि कुरणे असलेल्या या भूमीवर आज ओक, मेपल आणि बर्च या वृक्षांचे रान माजलेले आहे. १९८० नंतरच्या दशकापासून महाविद्यालयीन विद्यार्थी उन्हाळ्यात येथे येऊन सुमारे अकरा आठवडे राहत आले. अनुभवी संशोधकाच्या हाताखाली एखादा प्रश्न घ्यावयाचा, मोजमापे करावयाची आणि अखेरीस निष्कर्ष सर्वांपुढे मांडावयाचे, असा हा उमेदवारीचा काळ असतो.

अशा विद्यार्थ्यांनी ज्या प्रयोगांना हातभार लावला, त्यांपैकी एक मातीविषयीचा आहे. जगातील मातीत साठलेला कर्ब वातावरणातील कर्बाहून कितीतरी अधिक आहे. पालापाचोळा कुजविणारे सूक्ष्मजीव त्यातील काही अंश कर्बवायूच्या रूपाने सतत हवेत सोडीत असतात. उष्णतेमुळे त्यांचे काम वेगाने चालले, तर हवेतील कर्बवायू वाढेल. त्याने हवा आणखी तापेल आणि तापलेली हवा पुन्हा माती तापवील. हे चक्र कितपत खरे, हे पाहण्यासाठी जेरी मेलिलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली सहा मीटर लांब व तितकेच रुंद असे अठरा चौकोन आखले. त्यांपैकी सहा चौकोनांत दहा सेंटिमीटर खोलीवर विजेच्या तारा पुरून माती भोवतालच्यापेक्षा पाच अंश सेल्सिअस अधिक उष्ण ठेवली. आणखी सहांत तारा पुरल्या, पण वीज सोडली नाही. कारण खोदण्याचा परिणाम कोणता आणि उष्णतेचा कोणता, हे वेगळे ओळखता आले पाहिजे. उरलेल्या सहांना हात लावला नाही.

पहिली सुमारे दहा वर्षे तापलेल्या मातीतून अधिक कर्ब निसटला. पुढे २००७ पर्यंत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. सहज कुजणारे द्रव्य संपले, आता धोका टळला, असे त्या वेळी कोणाला वाटले असते तर नवल नव्हते. परंतु २००८ पासून कर्बाची गळती पुन्हा सुरू झाली आणि काही वर्षांनी पुन्हा थांबली. सूक्ष्मजीवांच्या समूहात बदल झाला होता आणि कुजण्यास कठीण अशा द्रव्यावरही त्यांची उपजीविका चालू लागली होती. सव्वीस वर्षांचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मातीच्या वरच्या साठ सेंटिमीटरमधील सुमारे सतरा टक्के कर्ब गेल्याचे दिसून आले. दुसरीकडे, कुजण्यातून मोकळे झालेले नत्र वृक्षांच्या वाढीस उपयोगी पडते, हेही याच प्रयोगातून ध्यानी आले.

येथेच विद्यार्थ्याच्या कामाचे खरे मोल कळते. मातीवर झाकण ठेवून आत जमणाऱ्या वायूचे नमुने घेणे, छातीइतक्या उंचीवर बुंध्याची जाडी मोजणे, गळलेली पाने वेचून, वाळवून त्यांचे वजन करणे, ही कामे दिसावयास साधी. डासांचा त्रास असतो आणि तीच कृती शंभरदा करावी लागते. एका उन्हाळ्यात मोठा शोध हाती येण्याचा संभव थोडा. २००४ साली तेथे मोजणाऱ्यास 'फरक नाही' एवढेच लिहावे लागले असते. तरीही ती नोंद नसती, तर गळती थांबून पुन्हा सुरू झाली हे कळलेच नसते. शून्य लिहिणेही तितक्याच काटेकोरपणे करावयाचे असते, हा धडा पुस्तकातून क्वचितच मिळतो.

वृक्षाचे आयुष्य शतकांत मोजले जाते आणि विद्यार्थ्याचा मुक्काम आठवड्यांत. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचा उपाय एकच: एकाने ठेवलेली वही दुसऱ्याने उचलावी आणि त्याच जागी, त्याच पद्धतीने पुढची ओळ लिहावी.